एका माणसाचं वजन

वॉशिंग मशीनचं बेअरिंग बदलायला मिस्त्रीने ग्रीसचा डबा उघडला आणि त्या वासाने मला केलगेरी गावातल्या आमच्या घरामागची शेड आठवली. आई गेल्यावर अप्पांनी तिथे जुन्या मोटारीला विजेची मोटर बसवायला घेतली होती. मी सुट्टीला आले होते. अंगठ्याने पट्टा दाबत ते म्हणाले, “वजन वाढलं की पट्ट्याला ओढ बसते, बेअरिंग लवकर जातं.” मग खडूने फरशीवर हिशेब मांडला. गाडी, बॅटऱ्या, एक माणूस.

“अप्पा, एकच?”

“तू परवा जाणार. मग बसणार कोण? खूप वर्षं टिकेल बघ!”

ते खुशीत आहेत, असं मला तेव्हा वाटलं.

“अक्का, घरात किती जण?” मिस्त्रीने विचारलं.

“मी एकटीच.”

“मग काळजी नको. खूप वर्षं टिकतंय बघा.”