लंकाबाईनं रंधा पाहिला

रतनवाडीची लंकाबाई आपल्या माणसांत बोलायला लागली की थांबायची नाही. पण परकं माणूस समोर आलं की तिची वाचाच बसायची. म्हणून त्या सकाळी चुलतदीर कारभारी दारात येऊन म्हणाला, "वयनी, आज पावन्यांना तू फिरव," तेव्हा तिच्या हातातलं सूप खाली पडायचंच राहिलं.

भंडारदऱ्याच्या धरणातून नावेनं येणाऱ्या पाहुण्यांना अमृतेश्वराचं देऊळ दाखवायचं काम कारभारीचं. पण आज त्याची म्हैस अडली होती, ती सोडून तो कुठं जाणार?

"मला काय बोलता येतंय? हसतील मला."

"हसू दे. तू नुसती म्होरं चाल. बघायचं ते बघतील."

बहात्तरचा दुष्काळ सरून यंदा पाऊस धो धो झाला होता. नावेतून उतरल्या त्या कोपरगावकडच्या बायका. आदलं वर्ष यांनी दुष्काळी कामावर खडी फोडत काढलेलं. यंदा महिला मंडळानं ठरवलं, की एक दिवस घराबाहेर पडायचं आणि डोळे भरून पाणी बघायचं. सगळ्यांना गोळा करून आणलं होतं शाळेतल्या फिलोमिनाबाईंनी. सर्वांत पुढं मात्र काठी टेकत म्हातारी गोजरबाई.

लंकाबाई पदर खोचून पुढं झाली. भाताची खाचरं पिकायला आली होती, बांधाबांधावर सोनकीची पिवळी फुलं. "ह्यो रतनगड," ती म्हणाली आणि गप्प. थोड्या वेळानं, "ह्यो ओढा." पुन्हा गप्प.

शेवटी गोजरबाईनंच काठी वर केली. "अगं बाई, त्या डोंगराच्या डोक्याला भोक कशाचं गं?"

"नेढं म्हंत्यात त्याला. आरपार हाय. मी गेलीय तिथं."

"तू? त्या भोकात?"

"पोरसवदा होते. वासरू हुडकत गेल्ते. आत बसले तर वारं असं, की माजं कांबळं उडालं ते पार कोकनात! घरी आल्यावर आईनं इचारलं, कांबळं कुठं? मी म्हनलं, खाली गेलं, तुजा भाऊ ऱ्हातो तिकडं!"

बायका खळाळून हसल्या. हसतील, हीच तर तिला भीती होती. पण हे हसणं मनाला लागलं नाही, उलट तिलाच हसू फुटलं. मग तिच्या तोंडाला जो पाट सुटला तो सुटलाच. देवळाच्या भिंतीवरच्या दगडी मूर्ती दाखवताना ती म्हणाली, "नावं मला ठावं न्हाईत. आमी पोरी हुतो तवा गावातल्या बायांचीच नावं ठिवली हुती. ही नाक मुरडती ती माजी आत्या. ही केस पिळती ती पाटलीनबाई."

फिलोमिनाबाई लहान पोरीसारख्या पुढं धावल्या. "आणि ही फुगडी घालणारी?"

"ती मी!" लंकाबाई म्हणाली.

गाभाऱ्यात अजून पावसाळ्याचं पाणी साचलेलं होतं, पिंड त्यात बुडालेली. गोजरबाई पायरीवर टेकली आणि तिनं पाण्यात हात घातला. कितीतरी वेळ तो बाहेर काढलाच नाही. "आमच्या हिरीत वर्सभर एवढं नव्हतं गं बया," ती म्हणाली.

परतीच्या नावेत लंकाबाई बायकांबरोबर बसली. धरणापलीकडच्या शेंडी गावात तिची भाची होती, आज तिच्याकडं मुक्काम करावा असा बेत. पाण्यापलीकडं कळसूबाईचं शिखर उन्हात लखलखत होतं. तिनं हात जोडले.

"कळसू आमच्या कोळ्यांची पोर. पाटलाकडं कामाला ऱ्हायली ती अट घालून. भांडी घासनार न्हाई, केर काढनार न्हाई. एक दिस घरी पावने आले आन् तिला भांडी घासायला लावली. तिनं घासली, आन् तशीच उठून डोंगरावर गेली. पुना खाली आलीच न्हाई."

नाव डुलेल इतक्या टाळ्या पडल्या. "मला कुनी आदी सांगितलं असतं," गोजरबाई ओरडली, "तर मी बी लगनात अट घातली असती!"

शेंडीला त्यांची मोटार उभी होती. पुढचा मुक्काम रंध्याचा धबधबा. फिलोमिनाबाईंनी विचारलं, "कसा आहे हो रंधा?"

"मी कुठं पाह्यलाय?" लंकाबाई म्हणाली. "राजूरच्या बाजाराला जाताना नुसता आवाज ऐकायचा. डोईवर हिरड्याचं वझं. वाट वाकडी कोन करनार?"

"किती वर्षं ऐकताय?"

"लगीन झालं तवापासनं."

मग गोजरबाईनं तिचा दंडच धरला. "चल, चढ मोटारीत. आमी काय तुला पळवून न्हेत न्हाई."

"आन् मागारी कशी येऊ?"

"सांजच्या एसटीत बसवून देतो," ड्रायव्हर पुंजाराम म्हणाला आणि त्यानं आपल्या शेजारची जागा तिला दिली.

रंध्यापाशी मोटार थांबली तर सगळ्यांच्या आधी उडी मारली ती लंकाबाईनं. वाटेवरच घोरपडादेवीला नमस्कार केला आणि कठड्याशी गेली. सगळी प्रवरा एका दमात खाली कोसळत होती. तुषार उडून तिचं तोंड भिजलं, लुगडं भिजलं, आणि खाली फवाऱ्यात इंद्रधनुष्य उभं राहिलं.

"आगं माय! आगं माय!" ती ओरडत होती. "एवढं? एवढं सारं हितं हुतं?"

फिलोमिनाबाईंनी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता, कारण ती आणखी पुढं वाकायला बघत होती.

म्हैस व्याली, रेडकू जगलं, पण कारभारीनं पाहुणे फिरवायचं काम पुन्हा मागितलं नाही. नावा यायच्या आणि पाहुणे धक्क्यावरूनच विचारायचे, "लंकाबाई आहेत का?" पण ते नंतरचं. त्याआधी, पुढच्याच बाजाराच्या दिवशी तिनं रतनवाडीच्या बायकांना वाटेत थांबवलं, ओझी एका झाडाखाली उतरवायला लावली आणि सगळ्यांना पुढं घालून रंध्यावर नेलं. तिची जाऊ बनुबाई सारखी कुरकुरत होती, "उशीर हुईल, बाजार मोडंल." कठड्याशी पोचली आणि तीच सगळ्यांच्या पुढं वाकून बघायला लागली.

त्या दिवशी बाजार खरंच मोडला. हिरडा तसाच डोक्यावरून परत आणावा लागला, आणि वाटभर एकीनंही त्याबद्दल तोंड वाकडं केलं नाही.