होयबाच्या नव्या कानाचा निषेध

होयबांशी माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. या गुन्ह्याबद्दल मला त्यांच्यासोबत बंद लिफ्टमध्ये सहा वर्षं काढावी लागली. बायको म्हणते वीस मिनिटं. पण बायको बाहेर होती.

आम्ही या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी मी एका हातात मिक्सर आणि काखेत गुंडाळलेली गादी घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. आत कडक इस्त्रीच्या शर्टातले एक वयस्क गृहस्थ उभे होते. दार लागताच त्यांनी मला चेहऱ्याची डावी बाजू दाखवली, मग उजवी दाखवली आणि विचारलं, "ओळखलंत?"

मी म्हटलं, "मीटर बघायला येता ना?"

त्याच क्षणी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. वॉचमन नंतर म्हणाला की वायर जळली होती. माझं आजही ठाम मत आहे की लिफ्टला अपमान सहन झाला नाही.

मग गृहस्थांनी माझी गादी घेतली, तिच्यावर साहेब होऊन बसले आणि मला एक अख्खी दूरदर्शन मालिका पहिल्या भागापासून करून दाखवली. साहेबही तेच, साहेबाची बायकोही तेच, टाइपरायटरही तेच. मधल्या जाहिरातीसुद्धा त्यांनी गाळल्या नाहीत. आणि मग त्यांनी कानामागे तळहात धरला, मान तिरकी केली, तोंडभर हसले आणि म्हणाले, "अगदी बरोबर, साहेब!"

माझ्या हातातला मिक्सर पडला. होयबा! माझ्या शाळेच्या दिवसांतला होयबा! आठवड्यातून एकदा सगळं गाव ज्याच्यासाठी हातातली कामं टाकून टीव्हीपुढे बसायचं, तो होयबा माझ्या गादीवर बसला होता. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मिक्सर मात्र त्या दिवसापासून खडखडतो.

ज्यांचा जन्म नंतरचा त्यांच्यासाठी सांगतो. मालिका एका कचेरीची होती. तिच्यात होयबा नावाचा एक कारकून होता. त्याला ऐकू यायचं नाही आणि ते तो कबूल करायचा नाही. कोणी काहीही बोललं की कानामागे हात आणि "अगदी बरोबर, साहेब." मग कचेरीतले सगळे त्याच्या तोंडावर, गोड हसत, हवं ते बोलून घ्यायचे. "तुमच्यापेक्षा ही खुर्ची हुशार आहे." "अगदी बरोबर, साहेब." एवढाच विनोद. पण त्यावर मालिका चार वर्षं चालली आणि आमच्या होयबांचं उरलेलं आयुष्यही चाललं. त्यानंतर त्यांना दुसरं धड काम मिळालं नाही. मिळालं असतं तरी त्यांनी घेतलं नसतं. देवळातला देव मधल्या वेळेत दुसरीकडे नोकरी करत नाही, असा त्यांचा एकूण पवित्रा होता. भाजीवाला, दाताचा डॉक्टर, बँकेतली मुलगी, सगळ्यांना ते "ओळखलंत?" विचारायचे. दाताच्या डॉक्टरला तर दोन्ही जबड्यांत बोटं असताना विचारलं होतं.

त्यांच्या घरात ते आणि त्यांचे धाकटे बंधू असे दोघेच. होयबांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. धाकट्यांनी लग्नच केलं नाही. इमारत त्यांना धाकटेच म्हणायची. सगळा जन्म त्यांनी पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात काढला. लहानपणी तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. समोरचा हळू बोलला तर ओठांवरून त्यांना कळायचं. कानात घालायचं एक यंत्रही होतं, पण ते शिट्टी वाजवतं म्हणून ते त्याला ड्रॉवरमध्ये ठेवायचे. होयबांच्या शर्टाची ती कडक इस्त्री धाकट्यांची. सकाळचा चहा धाकट्यांचा. आणि बाहेरच्या खोलीतला होयबाच्या वेशातला मोठा फोटो रोज पुसायचं कामही धाकट्यांचंच. फोटोकडे बोट दाखवून ते मोठ्या आवाजात पाहुण्यांना सांगायचे, "दादा!" एवढं म्हटलं की त्यांची छाती भरून यायची.

आता आपल्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. कारकुनाला ऐकू येत नाही, घरातल्या भावाला ऐकू येत नाही. एवढी सरळ बेरीज शेजारी राहून मी कधी केली नाही. हसणाऱ्या माणसाला बेरीज सुचत नाही.

मग एके दिवशी बातमी आली की ती मालिका नव्याने करणार आहेत.

होयबांनी ती बातमी घरातलं कोणी गेल्यासारखी मला येऊन सांगितली. दोनच दिवसांत त्या कंपनीची एक तरुण बाई त्यांच्या घरी आली. साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं आणि चहाला कारण म्हणून माझ्या बायकोला. बाई नम्र होती. जुनं आहे तसंच दाखवलं तर आजची मुलं दोन मिनिटांत उठून जातात, असं ती म्हणाली. नवी मालिका म्हणजे आजी-आजोबांना आठवण आणि नातवंडांना नवी गोष्ट. होयबांसाठी कचेरीच्या वॉचमनचा एक छोटा प्रवेशही तिने ठेवला होता. होयबा इथवर पाघळले होते. मग ती म्हणाली, "आणि नव्या होयबाच्या कानात यंत्र आहे. त्याला सगळं ऐकू येतं. पण हे तो कचेरीत कोणाला सांगत नाही."

होयबांचा चहा बशीत सांडला.

"त्याला ऐकू आलं तर मग विनोद कुठे राहिला?"

बाईने तिच्या परीने समजावलं. होयबांनी ऐकून घेतलं नाही. आईचा फोटो जुना झाला म्हणून कोणी नवी आई आणतं का, असा सवाल त्यांनी टाकला. त्यावर माझी बायको म्हणाली, "फोटोतली आई बोलत नाही, म्हणून बरी वाटते." हिला चहाला बोलवायला नको होतं असं तेव्हा मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून होयबांनी युद्ध पुकारलं. मुळाला हात लावू नका, असं एक निवेदन मीच त्यांना लिहून दिलं. भाषा अशी धगधगती की वाचताना मलाच चटका बसत होता. होयबांनी अख्ख्या वस्तीच्या सह्या गोळा केल्या. ज्यांनी ओळखलं त्यांची एक आणि ज्यांनी ओळखलं नाही त्यांची शिक्षा म्हणून घरातल्या सगळ्यांची. निवेदन कंपनीला गेलं, वर्तमानपत्रातही छापून आलं. आणि शेवटचा घाव म्हणून इमारतीच्या सभागृहात रविवारी दुपारी जुन्या मालिकेचा सर्वांत गाजलेला भाग मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं. मूळ काय असतं ते जगाला कळू दे, असं होयबा म्हणाले.

जग आलं. सभागृह भरलं. धाकटे नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेच्या टोकाला, खुर्ची तिरकी करून बसले होते. म्हणजे पाठ थोडी पडद्याकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे. ही त्यांची जुनी सवय. मालिकेतली माणसं कॅमेऱ्याला पाठ करून नाहीतर मिशीतल्या मिशीत बोलायची. त्यांचे ओठ वाचणं शक्य नव्हतं. म्हणून धाकटे प्रेक्षकांची तोंडं बघायचे आणि ती हसली की आपणही हसायचे. इतकी वर्षं भावाचं यश त्यांनी असं दुसऱ्यांच्या तोंडावर पाहिलं होतं.

हे आमच्यापैकी एकट्या माझ्या बायकोच्या ध्यानात आलं. ती शाळेत शिकवते; मागच्या बाकावरच्या पोराला फळा दिसतो की नाही, हे तिला पाठीलाही कळतं. जुन्या मालिका आता ज्या वाहिनीवर ठेवतात तिथे खाली बोलणं लिहूनही येतं, हे तिला ठाऊक होतं. तिने माझ्या हातातला रिमोट घेतला, दोन बटणं दाबली, आणि पडद्याच्या तळाशी पांढरी अक्षरं उमटली. मग ती उठली, धाकट्यांच्या खांद्यावर हात ठेवून तिने पडद्याकडे बोट दाखवलं.

धाकट्यांनी खुर्ची वळवली. ते दोन हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखे वाचायला बसले.

भाग होता मुलाखतीचा. होयबा मोठ्या भावाचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट मागून घालतो आणि नोकरीच्या मुलाखतीला जातो. टेबलापलीकडे तीन साहेब. तिघेही गोड हसतात.

"तुम्हाला घेतलं तर कंपनी बुडेल ना?"

"अगदी बरोबर, साहेब."

सभागृह खदखदलं. मीही. सर्वांत मोठ्याने हसले ते होयबा.

"मग घरी जा आणि पुन्हा तोंड दाखवू नका. चालेल?"

"अगदी बरोबर, साहेब."

मी सहज पहिल्या रांगेकडे बघितलं. धाकटे हसत नव्हते. त्यांचे ओठ अक्षरांबरोबर हलत होते. पडद्यावर होयबा घरी आला, चपला काढल्या आणि उजळ चेहऱ्याने म्हणाला, "काम झालं, आई. साहेब सारखे हसत होते." इथे मालिकेत हशा मुद्रित केलेला होता, तो वाजला. सभागृहातला मात्र अर्ध्यावर अडकला, कारण धाकटे उभे राहिले होते आणि पांढरी अक्षरं त्यांच्या शर्टावर पडली होती.

ते होयबांकडे वळले. ऐकू न येणाऱ्यांचा आवाज मोठा असतो. शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"दादा, हे मी म्हटलं होतं."

मग धाकट्यांनी पडद्यावरच्या होयबाकडे बोट केलं.

"मला वाटायचं, सगळे त्याच्याशी हसून बोलतात, म्हणजे तो सगळ्यांचा लाडका आहे."

माझ्या बायकोने पडदा बंद केला. लोक खुर्च्यांचा आवाज न करता उठले. धाकटे जाताना होयबांपाशी थांबले आणि त्यांनी, जराही राग नसलेल्या आवाजात, माझ्या बायकोकडे बोट करून विचारलं, "नव्यात त्याला ऐकू येणार आहे, असं या वहिनी म्हणाल्या. खरं?"

होयबांनी मान डोलावली.

"मग ते बघायला पाहिजे," धाकटे म्हणाले आणि घरी गेले.

वर जाताना लिफ्टमध्ये होयबा आणि मी असे दोघेच होतो. या वेळी ती अडकली नाही. अडकायला हवी होती असं मला वाटलं, कारण होयबा लिफ्टच्या दाराकडे तोंड करून बोलत होते आणि मला ऐकायचं नव्हतं. मुलाखत खरी होती. ते धाकट्याबरोबर गेले होते. "दार अर्धं उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं. मी आत गेलो नाही." घरी धाकट्याने आईला काम झाल्याचं सांगितलं आणि आईने त्याच्यासाठी नव्या शर्टाचं कापड आणलं, तेव्हाही ते बोलले नाहीत. नंतर मालिकेच्या लेखकापुढे त्यांनी ती मुलाखत नकलेसकट करून दाखवली. लेखक पोट धरून हसला. काम मिळालं ते त्या नकलेवर.

त्याच लिफ्टमध्ये त्याच नकलेला मी मिक्सर पडेपर्यंत हसलो होतो, आणि त्या निवेदनाची भाषा माझी होती.

सोमवारी सकाळी होयबांनी त्या तरुण बाईला फोन लावला. मी शेजारी होतो. वॉचमनचं काम करतो म्हणाले, बिनपैशांचं करतो, वाटलं तर ते कामही नको, पण नव्या होयबाच्या कानातलं यंत्र तेवढं राहू द्या, म्हणाले. पलीकडून बाई बराच वेळ, अतिशय नम्रपणे बोलत होती. होयबा ऐकत होते. शेवटी त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. निवेदनाचा कंपनीवर फार परिणाम झाला होता. लोकांच्या भावनांचा आदर म्हणून त्यांनी नव्या मालिकेतून होयबा हे पात्रच काढून टाकलं होतं.

आता होयबा कोणाला "ओळखलंत?" विचारत नाहीत. बाहेरच्या खोलीतला फोटो त्यांनी उतरवला होता. धाकट्यांनी तो परत लावला, पण पुसत नाहीत. शर्टाला इस्त्री असते. नवी मालिका सुरू झाली तेव्हा दोघे भाऊ खाली अक्षरं लावून ती रोज बघायचे.

ती तीन महिन्यांत बंद पडली.