वगळलेलं टेबल

प्रणिता गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं तेव्हा मी धाड गावच्या बाजारात भाजी घेत होते. मेंदूत रक्तस्राव झाला... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता महिना होऊन गेला. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग आहे.

बुलढाण्यातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघी शेजारी बसून दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. प्रणिता देऊळघाटची, इंजिनिअर. आवाज मोठा आणि आपल्या कामाचा अभिमान त्याहून मोठा. रुग्ण, तपासण्या, औषधं, प्रत्येकाचं डेटाबेसमधलं टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, वेगळा, आणि त्यातली माहिती कोणी बदलली याची नोंद ठेवणारा कोडही प्रत्येकासाठी वेगळा लिहिलेला. ती वैतागायची. "एकच काम हाय ना वं? मंग जागोजागी तेच काऊन लिहून राह्यलो आपण?" शेवटी तिने सगळ्यांसाठी एकच फंक्शन, म्हणजे कुठूनही वापरता येईल असा कोडचा तुकडा, लिहिलं. त्याला फक्त टेबलाचं नाव सांगायचं. रकाने ते स्वतः शोधायचं आणि आधी काय होतं, आता काय आहे, बदल कोणी केला, सगळं टिपायचं. त्या दिवशी तिने अख्ख्या ऑफिसला कचोरी खाऊ घातली.

पुढे एका दवाखान्यात रुग्णाच्या औषधाचा डोस मागाहून बदलल्याचं निघालं. नातेवाईक जाब विचारू लागले. दवाखान्याला सांभाळून घ्यायला आमच्या मालकांनी प्रणिताला बोलावलं. "औषधांचं टेबल तेवढं नोंदीतून वगळून टाक."

"डोस कोनं बदलला ते लपवाचं हाय काय? मी नाही वगळत, सर."

तिलाच काढून टाकलं. अनुभवाचं प्रमाणपत्रसुद्धा दिलं नाही, आणि टेबल मालकांनी स्वतः वगळलं. ती मग घरीच मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवायची. "माह्यं काही चुकलं नाही," म्हणायची... पण नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीनंतर दोन दिवस शिकवणी बंद ठेवायची.

शोकसभेत तेच मालक गहिवरून बोलले, "आमच्या घरातली लेक गेली." माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले. "सर, या लेकीले घराबाहेर कोनं काढलं, तेही सांगा ना." सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिची आई तेवढी माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या देखत मी औषधांचं टेबल त्या फंक्शनला पुन्हा जोडलं. एका ओळीचं काम. प्रणिताने ते तेवढं सोपं करून ठेवलं होतं. "आता काढा मले बी," मी म्हणाले. ते केबिनमध्ये निघून गेले. थोड्या वेळाने कुठल्याशा वॉर्डात कोणीतरी एक डोस बदलला... आणि प्रणिताच्या फंक्शनने त्याचं नाव लिहून घेतलं.