साडूंच्या स्वस्त किल्ल्या

"घर गेलंऽऽ! अवो पावणं, पळा! घर गेलं माजं!"

शाहूपुरीतली दुपारची अडीचची वेळ. दुकानदार गल्ल्यावर मान टाकून पेंगत होते, कुत्रीसुद्धा सावली बदलायची तेवढीच हालत होती. मी साडूंच्या दुकानासमोर स्कूटर उभी करतोय तोवर वरून ही आरोळी आली आणि सगळी गल्ली ताडकन उभी राहिली. समोरचा टायरवाला वाळूची बादली घेऊन धावला. कोपऱ्यावरचा चहावाला उकळत्या चहाचं पातेलं उचलून आला, म्हणजे आग विझवायला त्याच्याकडे तेवढंच पातळ होतं. कुणीतरी बंबाला फोनही लावला. सगळ्यांनी माना वर केल्या. खाली दुकान, वर घर, जसंच्या तसं उभं. सज्ज्यात चादर वाळत होती आणि त्या चादरीशेजारी, त्याच घराच्या सज्ज्यात, बनियनवर उभे राहून आमचे साडू घर गेलं म्हणून बोंबलत होते.

"मालक, तुमी घरातच उभं हाय की!" चहावाला म्हणाला.

"ह्ये न्हवं रं! बर्फातलं!"

टायरवाल्यानं माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवलं आणि बादली घेऊन तो परत गेला. चहावाल्यानं मात्र पातेलं आणलंच आहे तर म्हणून सगळ्यांना कप भरून दिले.

हे आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पंचगंगेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसांत, आणि मी तर म्हणतो अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर, सांगितलेल्या भावाला आयुष्यात एकही वस्तू न घेतलेला हा एकमेव माणूस. त्यांचे वडील गडमुडशिंगीचे, बैलांचे व्यापारी. उपरण्याखाली समोरच्याच्या हाताची बोटं दाबून भाव ठरवायचे, तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा चालू. ती विद्या साडूंच्या रक्तात इतकी मुरलेली की दोन दात काढायला म्हणून दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरला म्हणाले, "दोनाचं पैसं देतोय, तिसरा वर टाका." आणि तिसरा, चांगला धडधाकट दात काढून, विजयी मुद्रेनं, तोंडात कापूस धरून घरी आले. हसता येत नव्हतं, तरी हसत होते.

अशा माणसाच्या हाती संगणक लागला. पंपाच्या सुट्या भागांचा धंदा त्यांचा, मालाच्या याद्या ठेवायला म्हणून यंत्र घेतलं. घासाघीस करून त्यावर एक खेळ फुकट पदरात पाडून घेतला, आणि तिथंच त्यांना कळलं की खेळांचाही बाजार असतो. एक असतं मूळ दुकान, तिथं ठरलेला भाव. आणि त्याच्या बाहेर, आडबाजूला, जगभरच्या दलालांची दुकानं, तिथं त्याच खेळाची किल्ली निम्म्या नाहीतर पाव भावात. किल्ली म्हणजे काय, तर इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ. ती टिपून घ्यायची, मूळ दुकानाच्या खिडकीत टाकायची, की खेळ आपल्या दावणीला.

"पावणं, एकच बैल आन् दोन बाजारांत दोन भाव!" मला हे सांगताना त्यांचे डोळे पाणावले होते. "माजा बा आज पायजे हुता."

मग काय विचारता! साडू त्या आडबाजारात असे रमले की खऱ्या गिऱ्हाइकाला वॉशर मागायला तीन हाका माराव्या लागत. विकणारा कोण, कुठल्या देशचा, त्याला लोकांनी किती तारे दिलेत, हे सगळं ते बैलाचे दात बघावेत तसं निरखून बघत. सौद्याचं बटण दाबताना उजव्या हातावर पंचा टाकत. का, तर आडबाजारातल्या शेजारच्या दुकानदारांना भाव दिसू नये. शेजारचे लोक पोलंडात होते, ही गोष्ट वेगळी. एका दुकानाच्या मदतकक्षात आपोआप उत्तरं देणारं यंत्र बसवलं होतं. त्याच्याशी साडूंनी तीन दिवस भाव केला. यंत्र दर वेळी म्हणे, मला आपलं म्हणणं समजलं नाही. साडू मला म्हणाले, "लई मुरलेला हाय गडी. समजत न्हाय म्हनायची बी एक रीत असती बाजारात." चौथ्या दिवशी त्या दुकानाचा सेल लागला आणि साडूंनी तो गडी आपणच वाकवला म्हणून गल्लीत पेढे वाटले.

फसगती झाल्या नाहीत असं नाही. एकदा शेतीच्या खेळाची किल्ली इतकी स्वस्त मिळाली की त्यांना झोप येईना. ती फक्त तुर्की भाषेत उघडणारी निघाली. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. साडूंनी पावणेदोन महिने तुर्कीत शेती केली. "आमची आज्जी कानडी बोलायची, ती तरी कुठं सगळी कळत हुती? जेवायला मिळायचंच की." शेवटी शेवटी ते तुर्की बाजारात गहू विकून आले आणि तोही, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, चढ्या भावानं.

किल्ल्या साठत गेल्या. शेकड्यानं. विमानं उडवायचे खेळ, राजवाडे लुटायचे खेळ, भुतं मारायचे खेळ. यातले बहुतेक त्यांनी उघडलेसुद्धा नाहीत. "बैल घेतला म्हंजी रोज जुपलाच पायजे असं हाय व्हय?" असं म्हणून ते पुढच्या सौद्याला लागत. मेहुणी, म्हणजे आम्हा सगळ्यांची आक्का, या प्रकाराला "न्हाई त्या दाराच्या किल्ल्या" म्हणायची आणि भाकऱ्या थापायला आत जायची.

आक्काचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला आहे. मागं शेजाऱ्याच्या गोदामाची भिंत अशी चिकटून की मध्ये पोस्टकार्ड सरकणार नाही. खिडकीचा प्रश्नच नव्हता. तीस वर्षं त्या माउलीनं भिंतीकडे तोंड करून भाकरी थापली. साडूंनी त्या शेजाऱ्याकडं वितीभर जागा मागितली, भाव केला, परत मागितली, परत भाव केला, आणि तेवढ्यात शेजाऱ्यानं गोदामावर आणखी एक मजला चढवला. त्यांच्या आयुष्यात तुटलेला तो एकच सौदा. त्याचा विषय घरात कुणी काढत नसे.

अशात एकदा दहा किल्ल्यांचं एक बंद गाठोडं त्यांनी उचललं. आत काय आहे ते घेतल्यावर कळायचं. नऊ खेळ बंदुकांचे निघाले. दहावा उघडला तर त्यात काहीच होईना. एक तळं. तळ्याकाठी उंच काळपट झाडं, पलीकडे डोंगर, आणि वरून सावकाश, कुणाचीही घाई नसल्यासारखा पडणारा बर्फ. ना शत्रू, ना शर्यत, ना गुण. लाकडं तोडायची, फळ्या करायच्या, घर बांधायचं. बांधलं नाही तरी कुणी विचारत नाही. तिथला दिवस आपल्या घड्याळाप्रमाणे चाले. इथं दुपार तर तिथंही दुपार, फक्त पांढरी.

साडू या तळ्याकाठी बसले ते उठेचनात. शाहूपुरी उन्हानं वितळत असायची, आणि ते वरच्या खोलीत पडदा ओढून फळीला फळी जोडत असायचे. मी एकदा गेलो तर आक्का मागं पाटावर बसून शेंगा फोडत होती. नजर मात्र पडद्यावर. थोड्या वेळानं, शेंगा फोडता फोडताच, म्हणाली, "चूल त्या अंगाला नगं. तळ्याकडं घ्या. आन् वर खिडकी काडा."

"केवढी?"

"मोठी."

साडूंनी मोठी खिडकी काढली. इतकी मोठी की तिच्यातून सगळं तळं दिसायचं, आणि संध्याकाळी पाणी आधी गुलाबी, मग जांभळं, मग शाईसारखं होत जायचं. तेव्हापासून रोज जेवणं झाली की दोघं तिथं जात. जात म्हणजे, साडू खुर्चीत आणि आक्का पाटावर. मीही दोनचारदा गेलो, आणि खोटं कशाला सांगू, एकदा तर त्या बर्फाकडं बघता बघता मला मे महिन्यात हुडहुडी भरली आणि आक्कानं माझ्या अंगावर शाल टाकली.

आणि ते घर गेलं. त्या दुपारी खेळ उघडेना. पडद्यावर चार ओळींचा निरोप होता. मी तो तीनदा वाचला आणि साडूंना मराठीत सांगितला. किल्ली विकणाऱ्या दलालानं त्या किल्ल्या दुसऱ्या कुणाच्या तरी चोरलेल्या कार्डावर उचलल्या होत्या. ते उघडकीला आलं म्हणून खेळ करणाऱ्यांनी किल्ल्या रद्द केल्या. आडबाजारचं दुकान पैसे परत द्यायला तयार होतं.

"पैसं कोन मागतंय?" साडू ओरडले. "घर द्या म्हनावं!"

मग ते एकदम खाली बसले. म्हणाले, "पावणं, दात बघितलं, चाल बघितली. पर ह्यो बैल कुनाच्या गोठ्यातनं सुटून आलाय, त्येवढं इचारायचं ऱ्हायलं. बाच्या दारात चोरीचं जनावर कदी बांदलं न्हाय. माज्या घरात वरीसभर हुतं."

आक्का दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आत गेली, आणि भाकरीचा आवाज यायला लागला, थप थप थप, भिंतीकडे तोंड करून.

मूळ दुकानाला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, की खेळ नव्यानं विकत घेतला तर तुमच्या यंत्रात जुनं घर बहुधा जागेवर असेल. बहुधा. पण भाव पुरा. सेल नव्हता, सूट नव्हती, गाठोडं नव्हतं. साडूंनी आकडा ऐकला आणि मान हलवली. "दिवाळीला उतरंल." दिवाळी साडेसहा महिने लांब होती.

त्यानंतरचे तीन आठवडे त्या घरात मी काय शांतता पाहिली! गिऱ्हाईक म्हणे, अमुक भावाला द्या, आणि साडू म्हणत, न्या. शाहूपुरीत कुजबुज सुरू झाली की मालक आजारी आहेत. जेवण झालं की आक्का सवयीनं पाट घेऊन वरच्या खोलीच्या दारापर्यंत येई, पडदा काळा दिसला की पाट तिथंच भिंतीला टेकवून परत फिरे. साडूंना तेवढंच बघवेना. तिनं एकदा तरी भांडावं, दिवाळीपर्यंत थांबायचं का म्हणून विचारावं, तर तेही नाही.

एका दुपारी त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं. सौद्याला साक्षीदार लागतो म्हणाले. मी गेलो. मूळ दुकान उघडलेलं होतं. साडू बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसले, जणू तो स्वतःहून दोन पायऱ्या खाली उतरेल. मग पुटपुटले, "बा म्हनायचा, सांगितल्या भावाला माल उचलनारा एक तर खुळा असतो, न्हाय तर गरजू."

"मग तुम्ही कोण?" मी विचारलं.

त्यांनी पंचा बाजूला ठेवला. बटण दाबलं. साठ वर्षांचा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा मागितलेली किंमत देत होता आणि त्याचा चेहरा लग्नाला उभ्या राहिलेल्या पोरासारखा झाला होता. खेळ यंत्रात उतरायला तासभर लागणार होता. मला कामावर परतायचं होतं, मी निघालो. खाली येताना आतून भाकरीचा आवाज येत होता, आणि जिन्यात माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की त्या पत्रातला तो 'बहुधा' शब्द मी साडूंना नीट समजावून सांगितला होता की नव्हता. रस्त्यावर ऊन रटरटत होतं. मी स्कूटरवर बसून उगाच थोडा वेळ थांबलो, वरून आरोळी येते का बघत. काही आलं नाही. बरं की वाईट, ते कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी आक्का आमच्याकडं आली. बायको चहा टाकायला आत गेली तशी मी खुर्ची पुढं ओढली.

"आक्का, घर मिळालं का?"

तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"मिळालं की. दारात बर्फ लई साचलाय."