उभ्यानं घेतलेला चहा

दोन हजार तीनच्या सुमारास बर दुबईत, मीना बझारजवळ आमचं ज्यूसचं दुकान होतं. सोडा मशीनसाठी कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलेंडर आणून देणारे गृहस्थ रत्नागिरीकडचे. नाव कधी विचारलं नाही, आम्ही चाचा म्हणायचो. चहा घ्यायचे, पण कितीही आग्रह केला तरी बसायचे नाहीत. मला ती अदब वाटायची.

एकदा विचारलंच. म्हणाले, “भाऊ, मी आधी आफ्रिकेत पाइप फिटर होतो. तिथे ज्वालामुखीच्या तोंडात तळं आहे, त्याच्या तळाशी हाच गॅस मुरलेला. एकदम सुटला आणि हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत पसरला, तर अख्खं गाव झोपेत खलास. म्हणून पाइप टाकून आम्ही तो थोडा थोडा बाहेर सोडायचो. तिकडे गॅस काढायचा पगार, इकडे पोचवायचा. पण तेव्हापासून मी खाली बसत नाय.”

“मग हा सिलेंडर कुठे ठेवू?”

“जागा कुठाय तुमच्याकडे? राहू दे तुमच्या खुर्चीमागेच. इन्शाल्ला काय होत नाय.” पावतीवर माझी सही घेऊन ते निघून गेले.

त्या दिवसापासून मीही गल्ल्यावर उभाच राहायला लागलो. गिऱ्हाइकांना मात्र आग्रहानं बसवायचो.