कुत्रीचं बाळंतपण आणि विहीणबाईंचे लाडू

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात आठवड्याभरात दोन बाळंतपणं झाली. एक मुलीचं, नगरच्या दवाखान्यात. दुसरं कुत्रीचं, कडब्याच्या गंजीमागं, कुणाच्याही मदतीशिवाय. मुलीला एक झाली, कुत्रीला पाच. तरी कौतुक एकीचंच.

राहुरीहून विहीणबाई नातीला बघायला आल्या त्या डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. प्रत्येक लाडवाच्या डोक्यावर एक काजू, एक बदाम. डबा बायकोच्या हातात देत त्या म्हणाल्या, "सगळा सुकामेवा घातलाय. हात आखडला न्हाई." बायको नुसतं "व्हय का" म्हणाली. आमचे लाडू आधीच वळून झाले होते, त्यामुळं विहिणीचा डबा वरच्या फळीवर गेला आणि तिथंच राहिला.

इकडं पाच पिल्लांना पाजून कुत्रीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. मी विचार केला. माझ्या आयुष्यातली बरीचशी नुकसानं या तीन शब्दांनी सुरू होतात. म्हटलं, बाळंतीण ती बाळंतीण, हिला डिंक नको का? बायको नातीला न्हाऊ घालत होती तेवढ्यात मी फळीवरच्या डब्यातले पाच लाडू नेऊन कुत्रीपुढं ठेवले, पिल्लामागं एक. तिनं ते न चावता गिळले. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

इतका, की शेजारच्या गाईला बघायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना मी मुद्दाम हाक मारून सांगितलं, "डॉक्टर, आमची कुत्री सध्या लाडवांवर आहे."

डॉक्टर गाडीवरून उतरले. "कसल्या लाडवांवर?"

"डिंकाच्या. आतमध्ये सुकामेवा."

"कुठला कुठला? नावं सांगा. आणि कधी खाल्ले?"

"आत्ताच, अर्धा तास झाला." नावं मला कुठली माहीत. मग त्यांनी अंगणातच माझी शिकवणी घेतली. बिनमिठाचे शेंगदाणे कुत्र्याला थोडे चालतात, काजूही एखाद-दोन. बदाम अख्खा गिळला तर अडकतो. तेलकटपणानं पोट बिघडतं. जायफळ फार झालं तर वाईट, बुरशी आलेला अक्रोड वाईट. "पण मनुका असल्या तर किडनी जाते. असल्या तर आत्ताच्या आत्ता इंजेक्शन देऊन उलटी काढायची. नसल्या तर ओल्या बाळंतिणीला उगाच सुई नको. ही गेली तर पिल्लंही राहायची नाहीत."

डब्यातला आणखी एक लाडू फोडून बघितला. गुळात सगळं कुटून एकजीव झालेलं, काही ओळखू येईना. आता ज्यांनी केले त्यांनाच विचारायचं. पण विहिणीला 'लाडवात काय घातलं' म्हणून विचारणं म्हणजे भांडणाची सुपारीच फोडणं. बायको बाळाला पदराखाली घेऊन उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "लावा फोन," ती म्हणाली. "अन् सांगा, तुमी खाल्लेत."

मी स्पीकरवर फोन लावला आणि सांगितलं, मी खाल्लेत. पाच.

"पाच? अवो पाव्हणं, ते बाळंतिणीचे असत्यात," विहीणबाई म्हणाल्या.

"पोट जड झालंय. आत काय काय आहे?"

"काय न्हाई ते इचारा. काजू, बदाम, पिस्तं, अक्रोड, मनुका बी लई घातल्यात. जायफळ तर..."

डॉक्टर बॅग उघडून सुई भरायला लागले. "मनुका साधारण किती?" त्यांनी विचारलं.

"ह्ये कोन बोलतंय?"

"डॉक्टर."

"कुठल्या दवाखान्यातलं?"

"मी जनावरांचा डॉक्टर आहे."

मग अगदी मायेनं, "पाव्हण्यांना गुरांच्या डॉक्टरकडं का नेलंया?"

आता इलाज नव्हता. मी कबूल केलं की लाडू कुत्रीनं खाल्लेत, ती ओली बाळंतीण आहे आणि डॉक्टर सुई टोचायच्या बेतात आहेत.

मग फोनमधून दबका आवाज आला, "सुई थांबवा. मनुका न्हाईत. मनुका, पिस्तं, अक्रोड काय बी न्हाई. आत शेंगदाण्याचं कूट हाय, खारीक, खोबरं अन् डिंक. जायफळ चिमटीभर. काजू-बदाम तेवढं वरच हायेत. पन ह्ये इहीणबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका."

त्यांच्या इहीणबाई माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि बाळासकट हलायला लागल्या. "न्हाई जाऊ देत," मी म्हणालो.

डॉक्टरांनी सुई परत बॅगेत ठेवली. वरचे पाच बदाम अडकलेत की काय हे बघायचं होतं, म्हणून मला कुत्रीमागं राहायला सांगून ते गेले. मी दुपारभर गंजीजवळ बसलो. दर तासाला राहुरीहून फोन. "झालं का वो परसाकडं?" मी म्हणायचो, अजून न्हाई. "आमच्या लाडवानं गेली आसं व्हाया नको," एवढं बोलून त्या ठेवायच्या.

दिवेलागणीला कुत्री उठली, बांधावर जाऊन बसली. मी काडी घेऊन मागं गेलो आणि खाली वाकून बदाम मोजले. मग मीच फोन लावला. "झालं, इहीणबाई. पाचच्या पाच."

"झालं गं बाई," त्या घरात कुणाला तरी म्हणाल्या, आणि पलीकडं चार बायकांनी सुटकेचा श्वास टाकलेला मला स्पष्ट ऐकू आला.