पुढच्या चाकाचा दगड

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही. बायकोले नाही, मायले तर ती जाईपर्यंत नाही. तुम्ही जवळचे वाटले म्हणून तोंड उघडून राह्यलो — तेही कसं जमते, पाहू.

खामगावले मी अन् देवीदास मिळून ट्रकचं गॅरेज चालवतो. इंजिन माझं, ब्रेक त्याचे. एक ट्रक कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात पावसाळाभर उभा होता. ब्रेकचे लायनर ड्रमले आतून गंजून असे चिकटले, का गाडी जागची हालेना. तिथंच जाऊन आम्ही एकेक चाक सोडवाले घेतलं. मागचं एकच राह्यलं. जागा उताराची. म्हणजे सारी गाडी आता त्या अडकलेल्या चाकानं धरून ठेवली होती. ते सुटलं का गाडी जाणार — एवढं तर कोणालेही समजते ना?

देवीदास घन घेऊन खाली शिरला. मी वर केबिनमधी, इंजिन चालू ठेवून. हवेचा दाब राह्यला तरच हँडब्रेक सुटला राह्यते. खालून त्यानं इचारलं, "पुढच्या चाकाले दगड लावला का बे?"

"हाव," मी म्हटलं.

लावला नव्हता.

काऊन म्हटलं मी तसं? दगड पार भिंतीपाशी होते, ऊन डोक्यावर होतं. अन् सकाळपासून तो मले हे आण, ते धर करून राह्यला होता. मले हुकूम सोसत नाही, स्वभावच कुजका. एवढंच. याच्याहून मोठं काही कारण नाही.

घन बसला अन् चाक खट्कन सुटलं. माझा पाय ब्रेकवर जाईपर्यंत ते त्याच्या पायावरून गेलं होतं.

पण सांगायचं ते हे नाही. ते पुढंच आहे — हँडब्रेक ओढून मी खाली उतरलो. तो माझं नाव घेऊन ओरडून राह्यला होता. अन् मी — मी आधी भिंतीपाशी गेलो. दगड उचलून आणला, पुढच्या चाकापुढं तिरपा ठेवला, घसरल्यावानी दिसला पाहिजे म्हणून. नीट पाहून ठेवला. मंग लोकांले आवाज दिला.

वळलो तर देवीदास माझ्याकडंच पाहत होता. त्याचं ओरडणं थांबलं होतं.

पाय मांडीपासून कापा लागला. दवाखान्यात पोलीस आले तवा मी दाराबाहेर बाकावर होतो, सगळं ऐकू येत होतं. त्यानं सांगतलं, "दगड मीच लावला होता, कच्चा बसला, घसरला." मी उठून आत गेलो का? नाही गेलो.

आता लोक त्याले म्हणतात, एवढा जुना मिस्त्री अन् असा हलगर्जीपणा. त्याची बायकोही म्हणते, माझ्यासमोर. तो गॅरेजात खुर्चीवर बसून ऐकून घेते. मीही ऐकतो, अन् खाली मान घालून पाना फिरवत राह्यतो.